बोरमाळेचं वजन

सोनपेठ
३ नोव्हेंबर २०२५

संघू,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालणार असशील तर घाल, पण आधी दुसरं पान वाच. कामाचं सगळं तिथं लिहिलं आहे. हे पहिलं पान नुसतं बोलण्याचं आहे, ते नाही वाचलंस तरी चालेल.

फोनच केला असता. पण नऊ वर्षं झाली, माझ्या नंबरवरून तुझा फोन लागत नाही. सुगतच्या नंबरवरून लागतो. माझ्या लेकाशी तू पाच-पाच मिनिटं बोलतेस, जेवलास का म्हणून विचारतेस, पुण्याच्या पाण्यानं केस गळतात का विचारतेस. तो मला सगळं सांगतो. मला वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं.

साक्षीचं लग्न ठरल्याचं निकितानं सांगितलं. तुमच्या शेजारची निकिता आता इथं पंचायत समितीत लागली आहे, बाजारात भेटली. पंधरा फेब्रुवारी, बोरीचं विहार, मुलगा जिंतूरला शिक्षक, एवढं तिच्या तोंडून कळलं. मावशी असून मला मेथीची जुडी निवडता निवडता कळलं. मला बोलाव असं मी म्हणत नाही. पण त्या पोरीला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मांडीवर घेऊन तेरापर्यंत पाढे शिकवले आहेत, आणि तिचं लग्न मला बघायचं आहे. लिहून टाकलं. आता दुसरं पान.

निकिता म्हणाली, भुजंगराव ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय सोनं घेणार आहेत, तीन टक्के कर वाचतो म्हणून. संघू, हे होऊ देऊ नकोस. तोळा सव्वा लाखाला जाऊन टेकला आहे. एवढ्या पैशाची म्हैस घेतली तर माणूस तिचे दात मोजतो, शेपूट उचलून बघतो. बिल नसलं आणि उद्या तेच सोनं मोडायला नेलं, की तोच ओळखीचा माणूस म्हणतो, हे आमच्या दुकानातलं नव्हं. मग त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं.

दागिन्यावर हॉलमार्क बघायचा. त्रिकोणाची खूण, किती कॅरट तो आकडा, आणि शेजारी अक्षरं-आकडे मिळून सहाचा एक नंबर. बावीस कॅरट असेल तर ९१६ लिहिलेलं असतं. तो सहाचा नंबर साक्षीनं मोबाईलमध्ये सरकारी अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठं तपासला, किती शुद्ध, सगळं समोर येतं. खुणा बारीक असतात, दुकानात भिंग मागायचं. तू मागायला लाजशील. सातवीत असताना दुकानदारानं चाराणे कमी दिले तेव्हा तू रडत घरी आलीस आणि भांडायला मी गेले. तेव्हा भिंग साक्षीला मागू दे.

आणि मुहूर्त बघू नका. आपल्यात लग्नाला मुहूर्त बघत नाहीत, मग सोन्यालाच कशाला? सणाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तिथं कोण तुम्हाला वजन समजावून सांगणार? साधा मंगळवार बघायचा, सकाळी अकराची वेळ. दुकानदाराला काम नसतं, तो चहा पण पाजतो.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नाही. मी जे बोलले ते समोरचा काटा बघून बोलले. कुणीही बोललं असतं.

तुझी आक्का,
सगुणा

—

सोनपेठ
१२ नोव्हेंबर २०२५

संघू,

जयभीम. पत्र पोचलं हे मला माहीत आहे. तुमच्या पोस्टमनचा नंबर निकिताकडून घेतला आणि त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाईंनी घेतलं, घरात गेल्या." चुलीचं त्यानं काही सांगितलं नाही.

तुझे दाजी म्हणतात, तू बहिणीला पत्र लिहितेस की परिपत्रक काढतेस? तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून माझी भाषाच अशी झाली, त्याला मी काय करू. सिद्धोधनरावांना निवृत्तीनंतर माझ्यावर बोलण्याशिवाय दुसरं कामही नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. सुगतच्या लग्नात सूनबाईला हार घेतला होता. तू आली नव्हतीस, म्हणून बघितला नाहीस. लाल-हिरवे खडे, नाजूक काम. हार तराजूत टाकला, वजन केलं, त्या वजनाला त्या दिवसाचा भाव लावला, मी पैसे मोजले. तीन वर्षांनी तिला तो मोडून बांगड्या करायच्या होत्या. दुकानातल्या माणसानं चिमट्यानं खडे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "हे तुमचे, मावशी," म्हणाला. मूठभर काच मी सोन्याच्या भावानं घेतली होती. आणि पोरांना वजनमापं कोण शिकवत होतं? मी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून सांगते. खड्यांसकट वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं. दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यायचे आणि भाव फक्त दुसऱ्याला लावायचा. घडणावळ आधी विचारायची, मागून नाही. तोच दागिना एका दुकानात आठ टक्क्यांनी आणि समोरच्या दुकानात अठरा टक्क्यांनी घडवतात. घडणावळीचे पैसे मोडताना परत मिळत नाहीत, ते गेलेच. जितकी नक्षी जास्त तितकं आपलं जास्त गेलं. साक्षी नर्स आहे, हाताला दिवसभर पाणी आणि औषध लागतं. तिला नक्षी काय करायची?

वजनाचं लिहिता लिहिता तोच दिवस समोर येतो. काढणार नाही म्हटलं होतं, पण माझ्या बाजूनं मी तुला कधी काही सांगितलंच नाही. त्या दिवशी तू उठून गेलीस आणि नंतर फोन लागेनासा झाला.

आईनं ती बोरमाळ घेतली तेव्हा मी चौथीत होते आणि तू पाळण्यात. पेडगावात आपल्या वस्तीत सोन्याची माळ तिचीच पहिली. आजीच्या काळी चांदीच्या वर काही घालायची सोय नव्हती, गावानं घालू दिलं नसतं. म्हणून बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या लुगड्यावर ती माळ घालून आई विहारात पुढं बसायची आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायची, "पाच तोळ्याची हाय." माझं नाव आजीचं ठेवलं, तुझ्या वेळेपर्यंत बाबांना विहारातून नवी नावं कळली होती म्हणून तू संघप्रिया झालीस. माळ मात्र दोघींची, हे आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

ती गेल्यावर आपण दोघी परभणीला महारुद्रअप्पांच्या दुकानात गेलो. माळेचे दोन भाग करायचे म्हणजे मोडावीच लागणार होती. अप्पांनी अख्खी माळ तोलली, पाच तोळ्यांना थोडी कमी भरली. आत नेली, आटवली, सोन्याची लगड आणून काट्यावर ठेवली. तीन तोळे. मी काय समजायचं होतं? आई शेवटचे सहा महिने तुझ्याकडं होती, माळही तुझ्याकडं होती. मी म्हणाले, "दोन तोळे कुठं गेले?" मी म्हणाले, "खरे मणी काढून खोटे ओवले का कुणी?" दुकानात पाच-सहा माणसं होती. तू उठलीस. "तुमी ठिवा आक्का, तुमाला लागंल," एवढं बोललीस आणि गेलीस. जन्मात पहिल्यांदा मला तुमी म्हणालीस.

तुझा निम्मा भाग माझ्या कपाटात आहे. औषधाच्या एका रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून ठेवला आहे, वर चिकटपट्टीवर तुझं नाव आहे.

आक्का

—

सोनपेठ
२० नोव्हेंबर २०२५

संघू,

जयभीम. आज काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मी लिहिणार.

दुपारी चारला साक्षीचा फोन आला. "मावशी, जयभीम. एक इचारायचंय." एवढा मोठा आवाज झाला त्या पोरीचा. म्हणाली, आईचे जुने कानातले आन् एक अंगठी मोडून नवीन करायचंय, तर घट किती धरत्यात? मी म्हटलं, कुणाला विचारायचं आहे, तुला की आईला? ती हसली. "मलाच. आई तर इथं तांदूळ निवडायलीय, तिचं ध्यान बी न्हाई." आणि मागून तुझा आवाज आला, "बिलाचं बी इचार की, जुनं बिल नसलं तर काय करायचं म्हनावं."

संघू, मी खुर्चीवर बसले. दाजी म्हणाले, काय झालं, चक्कर आली का? मी म्हटलं, तांदूळ निवडायली ती.

तर उत्तर. जुनं सोनं देताना दुकानदार सांगेल ती घट मान्य करायची नाही. आपल्या डोळ्यांसमोर आटवायला लावायचं आणि आटवून जे उरलं त्याची शुद्धता मशीनवर तपासून कागद घ्यायचा. आटवायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, दोन्ही कागदावर. जुनं बिल नसलं तरी चालतं, ओळखपत्र न्यायचं. एकाच दुकानात पहिल्या फेरीला देऊन टाकायचं नाही. तीन ठिकाणी विचारायचं आणि चहा तिन्ही ठिकाणी प्यायचा. ज्या दुकानातून घेणार त्यांनाच विचारून ठेवायचं, उद्या परत आणलं तर काय भावानं घ्याल, आणि ते बिलाच्या मागं लिहून घ्यायचं.

आणि जुने दागिने मोडताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पूर्वी पोकळ मणी घडवायचे, पातळ पत्र्याचे. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरायचे. तोलताना लाखेचंही वजन येतं, आटवताना लाख निघून जाते. म्हणून जुना दागिना वजनाला एक भरतो आणि सोनं दुसरंच निघतं. हे मला अलीकडेच कळलं.

इथं थांबते. भात लागला वाटतं.

आक्का

—

सोनपेठ
२१ नोव्हेंबर २०२५

संघू,

काल लिहिलेलं "अलीकडेच" हे खोटं आहे. पत्र सकाळीच पेटीत टाकलं, नाही तर खोडलं असतं. बरं झालं टाकलं. तुझ्यासमोर खोटं आणि खरं दोन्ही असू दे.

मला त्याच दिवशी कळलं होतं. तू दुकानातून उतरून गेलीस, रस्त्यापलीकडे तुझी पिशवी दिसत होती अजून. अप्पा आतून एका हातात लोखंडी पळी घेऊन आले. म्हणाले, "बाई, काय बोलायलाव तुमी बहिनीला? मनी सगळे सोन्याचेच होते. ही बघा लाख. जुन्या बोरमाळेत असतीच की." पळीत काळपट तांबडा गोळा होता, गरम होता अजून, वास येत होता. त्यांनी तो गार करून काट्यावर ठेवला. मला म्हणाले, बघा. मी बघितलं. जितकं कमी भरलं होतं तितकंच होतं, थोडं जळून गेलं ते सोडून.

तू स्टँडवर होतीस. जिंतूरच्या गाडीला वेळ होता. दहा मिनिटं चालत गेले असते तर तू भेटली असतीस.

मी गेले नाही. दुकानातल्या माणसांकडं बघितलं, ती सगळी माझ्याकडं बघत होती, आणि मला एवढंच वाटलं की आता इथून बाहेर कसं पडायचं. घरी आले. दाजींनी विचारलं, वाटण्या झाल्या का? मी म्हटलं, संघूनं मणी बदलले. अप्पांची पळी बघून आल्यावर म्हटलं, संघू. ते का म्हटलं, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते आहे.

थोडं कळलं आहे ते लिहिते. आई आजारी पडली तेव्हा तू म्हणाली होतीस, तीन महिने तू ने, तीन महिने मी ठेवते. मी हो म्हटलं आणि नेलं नाही. शाळा, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, दर महिन्याला एक नवीन कारण. तू तिला आंघोळ घातलीस, उचललंस, तिचं सगळं केलंस. मी रविवारी सफरचंदं घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. शेवटच्या रविवारी आई मला ओळखत नव्हती. तुलाच आक्का म्हणत होती. त्यानंतर तुझ्याकडं बघितलं की मला माझंच सगळं दिसायचं. त्या दिवशी काट्यावर कमी भरलं तेव्हा, लाज वाटते लिहायला, पण मला आतून बरं वाटलं. म्हटलं, चला, हिच्याकडूनही काहीतरी कमी पडलं.

नातेवाइकांत मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. पेडगावच्या बायकांनी विचारलं, संघू का येत नाही? मी म्हटलं, तिचं तिला माहीत. त्याचा अर्थ ज्यानं त्यानं काढला, आणि मी काढू दिला.

तू चोर नाहीस. तुझ्या हातातून आईची एक सुईसुद्धा इकडची तिकडं झाली नाही. हे मला नऊ वर्षं माहीत होतं आणि मी गप्प बसले.

माझा निम्मा भागही तसाच आहे. त्याचं मी काही केलं नाही, कशात घालावासाच वाटला नाही. दोन डब्या शेजारी शेजारी आहेत. आणि तिसऱ्या डबीत तो लाखेचा गोळा आहे. फेकायला तीनदा घेतला, फेकला नाही.

मला माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही. आधी काही करते, मग लिहीन.

सगुणा

—

सोनपेठ
५ डिसेंबर २०२५

संघू,

जयभीम. तुझं उत्तर नाही. येऊ नये असंच माझं काम आहे. पण काल जे केलं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

काल पौर्णिमा होती. मी पहाटेच्या गाडीनं परभणीला आणि तिथून पेडगावला गेले. विहारात वंदनेला बायका जमल्या होत्या, आईच्या वेळच्या दोघी-तिघी अजून आहेत. त्रिशरण-पंचशील झालं. पंचशीलात खोटं बोलणार नाही हे येतं तिथं मी अडखळले. हे मी हजार वेळा म्हटलं असेन, पोरांकडून म्हणवून घेतलं असेल. वंदना संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, मला एक सांगायचं आहे. माझ्या आईची बोरमाळ तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. तिच्यात लाख होती. आटवल्यावर सोनं कमी भरलं आणि मी माझ्या बहिणीवर आळ घातला. लाख मी डोळ्यांनी बघितली होती, तरी नऊ वर्षं तुम्हाला सांगितलं नाही. संघप्रियाकडून काही झालेलं नाही. चूक माझी आहे.

मग मुंजाजीमामांची म्हातारी, तिला आता दिसतही नाही नीट, ती म्हणाली, "लाख असती हे तर लेकराला बी ठावं हाय. तू मास्तरीन असून कसं कळलं न्हाई तुला?" मी म्हटलं, कळलं होतं, मामी. ती म्हणाली, "मंग बस खाली. च्या पी." मी बसले, चहा प्याले.

घरच्या मोबाईलच्या ग्रुपवरही लिहिलं आहे. त्यात तू नाहीस, मीच तुला काढलं होतं. सुगतनं वाचून फोन केला. म्हणाला, "आई, मावशीनं मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही." मला ते जास्त लागलं.

दाजी मात्र नेहमीसारखेच. म्हणाले, "तुझ्या परिपत्रकांत हे एकच कामाचं निघालं." पण संध्याकाळी स्वतः भाकरी केली त्यांनी. जाड झाली होती, खाल्ली.

परत येताना अप्पांच्या दुकानात गेले. अप्पा थकलेत, काट्यावर आता त्यांची सून शिवानी बसते. अप्पांनी मला ओळखलं. पहिलं काय विचारलं माहीत आहे? "बहीन आली का वापस?" दोन्ही लगडी मशीनवर तपासून दोन वेगळे कागद करून घेतले. एकावर तुझं नाव आहे. सोनं काही पोस्टानं पाठवत नाहीत, त्यामुळं कुणाला तरी घ्यायला पाठव. साक्षी, भुजंगराव, कुणीही. माझा निम्मा भागही साक्षीसाठी त्यातच ठेवला आहे. मावशीकडून आहे असं सांगायचं नसेल तर आजीकडून आहे असं सांग. ते खरंच आहे.

पंधरा फेब्रुवारीचं मी पुन्हा म्हणणार नाही. त्या दिवशी इथंच खीर करीन आणि शेजारी वाटीन.

माफ कर, संघू.

आक्का

—

बोरी
११ डिसेंबर २०२५

आक्का,

जयभीम. मला तुज्यावानी लिवता येत न्हाई. साक्षी म्हनली मी लिवते, मी म्हनलं न्हाई.

तुजी पाची पत्रं वाचली. पहिलं दोनदा वाचलं, बिलासाठी. हे त्या ओळखीच्या मान्साकडं जायलेच होते, तुजं दुसरं पान मी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हशीचे दात ऐकून हे हसले. मंग बिलाशिवाय घ्यायचं बंद झालं.

लाखेचं मला आधीपासून ठावं होतं. आईला आंगुळ घालताना एक मनी चेपला होता, त्याच्या फटीतून काळं दिसायचं. आई म्हनायची, कुनाला सांगू नको पाच तोळ्याची न्हाई म्हून, सगुनाला तर मुळीच सांगू नको, ती शाळंत पोरींला सांगत असती माजी माय पाच तोळं घालती. म्हून मी बोलले न्हाई. दुकानात बी एक शबुद बोलले असते तर झालं असतं. पर तू दोन तोळे इचारलंस तवा मला वाटलं, हिला लाख समजून सांगता येईल. पर मी कोन हाय हे हिला कोन समजून सांगावं? तेच लय लागलं. म्हून फोन बंद केला. मंग बंदच राह्यला. मी बी कमी हट्टी न्हाई.

पेडगावचं मला परवाच कळलं. मामीनं लेकाच्या फोनवरून फोन केला. म्हनली, तुजी बहीन उभी राहून बोलली, चांगलं बोलली, आता तू पाय लांब करून बसू नको. मी हो म्हनलं.

आई तुला आक्का म्हनत न्हवती, मलाच म्हनायची, खरं हाय. पर तू गेलीस की दाराकडं बघून म्हनायची, सगुना जेवून गेली का? दर रविवारी. हे तुला कुनी सांगितलं नसंल.

आता कामाचं. सोळा तारखेला मंगळवार हाय. साक्षीची सुट्टी हाय. आमी अकराला आप्पाच्या दुकानात येऊ. तू तिन्ही डब्या घेऊन ये. माज्या निम्म्याची साक्षीला बोरमाळ करायची. तुजा निम्मा साक्षीला नको, तिची एकच मान हाय. तुज्या निम्म्याची तुला कर. फेब्रुवारीत तू विहारात पुढं बसनार, मोकळ्या गळ्यानं बसलेलं आईला आवडलं नसतं.

दोनी माळा लाखेवरच्याच करायच्या. तू पत्रात लिवलंय तसं सोन्याचं वजन येगळं आन् लाखेचं येगळं, दोनी बिलावर लिवून घ्यायचं, म्हंजी पुढं साक्षीच्या लेकरांत भांडन नको. ते बिल तूच वाच, मला बारीक दिसत न्हाई.

आन् आप्पाला इचार, ती जुनी लाख पुन्ना भरता येती का. येत असली तर नवी घ्यायची न्हाई. दोनी माळांत आईचीच अर्धी अर्धी भरायची.

चश्मा आन. तांदूळ निवडून ठिवलाय, मंगळवारी दुकानातून जेवायला इकडंच यायचंय.

तुजी,
संघू